भट्टी पेटली की वायफाय बंद: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा साइट सर्व्हे

पार्श्वभूमी

बेळगावात खानापूर रोडला लागून उद्यमबाग आहे, तिथली ही मध्यम आकाराची फाउंड्री. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न अशा ओतीव लोखंडाची कास्टिंग्ज ओतायची, शेजारच्याच शेडमध्ये ती मशीन करायची आणि पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्यांना पाठवायची, असं काम. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून मापं आणि काही तपशील थोडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांची कारणं मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत.

आवारात पाच भाग. दुमजली आरसीसी ऑफिस. ७२ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद अशी मोल्डिंग आणि फर्नेसची शेड, वर ९ मीटर उंचीवर पत्रा. तिला चिकटून फेटलिंग आणि शॉटब्लास्टिंग, म्हणजे ओतलेली कास्टिंग्ज साफ करण्याची जागा. पलीकडे ६० बाय २० मीटरची मशीन शॉप, तिच्यात वरच्या रुळांवर फिरणारी ५ टनी ईओटी क्रेन. आणि सगळ्यात मागे जुनं गोडाऊन, ज्याच्या भिंती पंधरा इंची जांभ्या दगडाच्या. गोडाऊन आणि मशीन शॉपच्या मधल्या उघड्या यार्डात कच्ची कास्टिंग्ज आणि ट्रक.

मालकांनी नवं ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं त्याचं कारण ग्राहकांची मागणी. कोणतं कास्टिंग कोणत्या हीटमधून (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडातून) आलं, त्या हीटचं रासायनिक पृथक्करण काय होतं, हे कास्टिंगपासून मागे शोधता आलं पाहिजे. त्यासाठी ओतकामानंतर प्रत्येक ट्रॉलीला बारकोड लेबल, आणि फेटलिंग, तपासणी, मशीनिंग, गोडाऊन, डिस्पॅच अशा प्रत्येक टप्प्यावर स्कॅन. १४ हँडहेल्ड स्कॅनर, फोर्कलिफ्टवर दोन टॅब, मशीनजवळ सहा टॅब. ही सगळी गाडी वायफायवर चालायची होती.

अडचण

वायफाय होतं, पण ते गरज पडेल तसं वाढत गेलेलं. घरगुती दर्जाचे नऊ राउटर, प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. शेडमधले राउटर ट्रसच्या अँगलला, थेट पत्र्याखाली बांधलेले. सगळे पूर्ण ताकदीवर, सगळे २.४ गिगाहर्ट्झवर, चॅनेल ‘ऑटो’ आणि रुंदी ४० मेगाहर्ट्झ.

मोल्डिंगच्या सुपरवायझरची तक्रार एकच होती: “फर्नेस चालू झाली की वायफाय जातंय बघा, साहेब.” मोबाइलवर दांड्या पूर्ण दिसायच्या, पण स्कॅनरवर गोल फिरत राहायचं. शेवटी कामगारांनी वही काढली. हीट नंबर वहीत लिहायचे आणि संध्याकाळी ऑफिसातल्या मुलाने ते भरायचे. एकदा दोन सारख्या दिसणाऱ्या कास्टिंग्जचे हीट नंबर त्या वहीतच अदलाबदल झाले आणि ग्राहकाने अख्खी खेप थांबवून धरली. मालकांच्या दृष्टीने प्रश्न इथे गंभीर झाला. तोवर तो ‘नेट स्लो आहे’ एवढाच होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय स्थानिक विक्रेत्याने सुचवला होता: १६ मेश युनिट लावा. बसवायला सोपं, केबल कमी. पण वायरलेस मेशमध्ये एका युनिटने दुसऱ्याला हवेतूनच माहिती द्यायची असते. एकाच रेडिओवरून घेणं आणि पुढे देणं चालू असेल तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण अर्धा होतो. शिवाय एकाच उघड्या शेडमध्ये आधीच एकमेकांवर बोलणाऱ्या नऊ राउटरमध्ये आणखी सोळांची भर पडणार होती.

दुसरा पर्याय हँडहेल्डमध्ये सिम घालण्याचा. ईआरपीचा सर्व्हर कारखान्यातच होता, त्यामुळे बाहेरचं नेट गेलं की आतलं स्कॅनिंग बंद पडलं असतं. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलची रेंजही जागोजागी तुटत होती. तो बाद झाला.

तिसरा, नकाशावरून सॉफ्टवेअरमध्ये अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे बसवायचं. चौथा, तो अंदाज करूनच पुढे प्रत्यक्ष जागेवर मोजायचं, म्हणजेच साइट सर्व्हे, आणि बसवल्यावर पुन्हा मोजायचं.

मालकांचा सवाल रास्त होता: मोजण्यावर पैसे घालवण्यापेक्षा त्याच पैशात दोन-चार डबे जास्त का घेऊ नयेत? कागदावरच्या अंदाजात भिंतींचा प्रकार आपण भरतो. पण जांभ्याची भिंत नेमकी किती सिग्नल खाते, भरलेल्या रॅकमधून किती पलीकडे जातो, आणि अडचण मुळात सिग्नलचीच आहे का, यातलं काहीच तो अंदाज सांगत नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात महागाचा होता, कारण सिग्नल कमी नसेल तर जास्त डब्यांनी दुखणं वाढतं. चौथा पर्याय निवडला गेला तो या कारणाने. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली, जिने निम्मं काम हलकं केलं: जे जागचं हलत नाही ते केबलवर घ्यायचं. मशीनजवळचे सहा टॅब आणि फर्नेसच्या केबिनमधला हीट नोंदवण्याचा संगणक वायफायवरून काढले. उरले ते हातात किंवा चाकांवर फिरणारे.

आधी जे आहे ते मोजलं

पहिलं काम नकाशाचं. कारखान्याकडे मंजुरीच्या वेळचा जुना नकाशा होता, त्यात नंतर बांधलेला पोटमाळा आणि कोअर शॉपची जोडशेड नव्हती. लेझर मीटरने लांब बाजू मोजून नकाशाचं प्रमाण पुन्हा बसवलं. यासाठी दाराची रुंदी घेऊ नये. तीन फुटांत दोन इंचांची चूक ७२ मीटरवर चार मीटर होते आणि पुढचं प्रत्येक वाचन तेवढं सरकतं.

चालून मोजणी चालू पाळीत केली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शेड मोकळी असते आणि फिरायला सोपी, म्हणून बहुतेक जण तो दिवस निवडतात. पण त्या दिवशी क्रेन एका टोकाला उभी असते, व्हीएमसीची (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनची) दारं बंद असतात, ट्रॉल्या रिकाम्या असतात, आणि हवेत कुणाचंच ट्रॅफिक नसतं. तसल्या दिवसाचा नकाशा हिरवागार येतो आणि सोमवारी खोटा ठरतो.

निकालाने सगळ्यांनाच थांबवलं. मोल्डिंगमध्ये सिग्नल उणे ५५ डीबीएम होता (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल दणकट). हँडहेल्डसाठी उणे ६७ पुरतो, म्हणजे हा चांगलाच दणकट. पण चॅनेल बहुतांश वेळ व्यापलेला आणि पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या फ्रेमचं (माहितीच्या तुकड्यांचं) प्रमाण फार मोठं. उंच पत्र्याखाली, मध्ये भिंत नसलेल्या शेडमध्ये प्रत्येक राउटर दुसऱ्याला स्पष्ट ऐकू येत होता, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे, १, ६ आणि ११. रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवली की एकच राउटर त्यातले दोन खातो. इथे नऊ होते, शिवाय शेजारच्या युनिटांचे वेगळेच.

दुसरी गोष्ट ताकदीची. राउटर २३ डीबीएमच्या आसपास ओरडत होते, हँडहेल्ड मात्र १४ डीबीएमवर उत्तर देतो. हा ९ डेसिबलचा फरक म्हणजे आठपट. स्कॅनरला राउटर ऐकू येतो, राउटरला स्कॅनर ऐकू येत नाही. स्क्रीनवरच्या दांड्या फक्त एका बाजूचं ऐकणं दाखवतात, म्हणून त्या पूर्ण दिसत होत्या.

फर्नेसचा प्रश्न

सुपरवायझरची तक्रार खरी होती, म्हणून ती वेगळी तपासली. इंडक्शन फर्नेस काहीशे ते काही हजार हर्ट्झवर चालते. वायफाय अब्जावधी हर्ट्झवर. तिने थेट हवेत अडथळा आणण्याची शक्यता कमीच होती, तरीही स्पेक्ट्रम अॅनालायझर (हवेतले सगळे रेडिओ संकेत दाखवणारं यंत्र) लावून फर्नेस बंद असताना आणि पूर्ण लोडवर असताना अशा दोन्ही वेळा वाचनं घेतली. गोंगाटाची पातळी जागची हलली नाही.

मग राउटर सुरू होऊन किती वेळ झाला ते प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये पाहिलं आणि फर्नेसच्या रजिस्टरशेजारी ठेवलं. मोल्डिंगच्या बाजूचे तीन राउटर बरोबर हीट सुरू होण्याच्या वेळेला नव्याने चालू झालेले. फर्नेसबरोबर थंड पाण्याचे पंप आणि डस्ट कलेक्टरची मोटर सुरू होते, आणि राउटरचे अडॅप्टर त्याच डीबीवर (वीज वाटून देणाऱ्या पेटीवर) होते. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. व्होल्टेज डुबकी मारायचं, स्वस्त अडॅप्टरला ते सोसायचं नाही, राउटर रीस्टार्ट व्हायचा आणि पुढची दोन मिनिटं वायफाय गायब. इलाज वायरमनकडे होता. सर्व्हे नसता तर इथेच फर्नेसपासून दूर आणखी दोन राउटर लागले असते.

त्याच अॅनालायझरवर यार्डाच्या बाजूला २.४ गिगाहर्ट्झच्या वरच्या टोकाला एक न थांबणारा पट्टा दिसला. गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र ऑफिसात आणणारा जुना वायरलेस ट्रान्समीटर. असलं यंत्र बोलण्याआधी ऐकत नाही, अखंड बोलत राहतं. चॅनेल ११ तिथे मेल्यातच जमा होता. वायफायच्या साध्या मोबाइल अॅपमध्ये तो दिसत नाही, कारण तो वायफाय नाहीच. कॅमेरा केबलवर घेतला.

काठीवरचा ॲक्सेस पॉइंट

नव्या रचनेसाठी जो मॉडेल विकत घ्यायचा तोच ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) साडेचार मीटरच्या तिवईवर चढवला आणि बॅटरीच्या पीओई डब्यावर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या डब्यावर, चालवला. रेडिओ ५ गिगाहर्ट्झ, ताकद १४ डीबीएम, म्हणजे हँडहेल्डच्या बरोबरीची. तिवई ठरलेल्या प्रत्येक जागी उभी करायची आणि भोवती फिरून कुठपर्यंत पुरतं ते मोजायचं.

त्याआधी एक छोटी चाचणी, जी बरेच जण टाळतात. सर्व्हेचं यंत्र आणि हँडहेल्ड एकाच जागी धरून दोन्हींचं वाचन घेतलं. हँडहेल्ड ७ डेसिबल कमी दाखवत होता. त्याचा अँटेना लहान, आणि पकडणाऱ्याचा पंजा त्याच्यावरच येतो. म्हणून हँडहेल्डला उणे ६७ हवं असेल तर सर्व्हेच्या नकाशावर उणे ६० धरायचं, असं ठरलं. नकाशावरचा हिरवा रंग या आकड्यावर बसवला नसता तर शेडचा मोठा भाग फसवा हिरवा दिसला असता.

गोडाऊनने सगळ्यांचा अंदाज चुकवला. कागदावर तिथे दोन ॲक्सेस पॉइंट पुरत होते. प्रत्यक्षात कास्टिंगने भरलेला साडेचार मीटरचा रॅक म्हणजे लोखंडाची भिंतच. शेजारच्या गल्लीत सिग्नल जवळजवळ पोहोचत नव्हता. तिथे तीन करावे लागले, गल्लीच्या तोंडाशी, पॅच अँटेना (एकाच दिशेला सिग्नल देणारा) गल्लीच्या लांबीकडे तोंड करून. मोल्डिंगमध्ये उलटं झालं: कागदावर तीन, प्रत्यक्षात दोन पुरले. एकूण आकडा १२ च राहिला, जागा मात्र बदलल्या. ऑफिस २, मशीन शॉप ३, मोल्डिंग २, फेटलिंग १, गोडाऊन ३, यार्ड आणि डिस्पॅच १.

उंची ५ मीटर ठरवली, ट्रसवर नाही, खांबावर. पत्र्याखाली ९ मीटरवर लावलेला ॲक्सेस पॉइंट क्रेनच्या गर्डरच्या वर राहतो आणि क्रेन हलली की त्याची सावली हलते.

मोजणी एप्रिलात झाली होती. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो, आणि भिजलेली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल खाते. बेळगावचा पावसाळा आणि ती भिंत ध्यानात घेऊन गोडाऊनच्या बाजूला ५ डेसिबलची जादा सवलत (मार्जिन) ठेवली.

चॅनेल, केबल, वीज

२०१८ साली भारतात ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, त्यामुळे चॅनेलची चणचण नव्हती. प्रश्न होता रडारसाठी राखीव असलेल्या चॅनेलांचा. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारचा संकेत आढळला तर ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जाण्याआधी किमान ६० सेकंद गप्प ऐकत बसावं लागतं. सांबऱ्याचा विमानतळ शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे. मोजणीत तसा संकेत आढळला नाही, पण हँडहेल्ड हे चॅनेल सावकाश शोधतात आणि एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना अडखळतात. म्हणून शेडमध्ये ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ असे आठच, २० मेगाहर्ट्झ रुंदीने. ५२ ते ६४ ऑफिसच्या लॅपटॉपांना. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ बारापैकी फक्त चारवर चालू ठेवला, जुन्या लेबल प्रिंटरांसाठी.

नेटवर्कची नावं तीन: स्कॅनर, ऑफिस, पाहुणे. प्रत्येक नाव स्वतःचे बीकन (‘मी इथे आहे’ सांगणारे संकेत) पाठवत राहतं, म्हणून नावं वाढवणं म्हणजे हवा खाणं. ५ गिगाहर्ट्झवर १२ एमबीपीएसच्या खालचे वेग बंद केले, म्हणजे लांबचा स्कॅनर जुन्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून रांगत राहत नाही. ८०२.११आर (एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन जाण्याची सोय) चालू केल्यावर जुन्या बॅचचे काही हँडहेल्ड जोडणीच घेईनात. ते बंद करून फक्त ८०२.११के आणि ८०२.११व्ही ठेवले, जे स्कॅनरला पुढचा ॲक्सेस पॉइंट सुचवतात.

ऑफिसातून गोडाऊनपर्यंत केबलचा रस्ता १४० मीटर. तांब्याच्या इथरनेटची मर्यादा १०० मीटर, म्हणून पूर्वी यार्डात प्लास्टिकच्या डब्यात एक स्विच मध्येच टांगला होता आणि वळवाच्या पावसात विजांनी तो जळालाही होता. आता शेड ते शेड आर्मर्ड फायबर. फायबरमधून विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत जात नाही, हे अंतराइतकंच मोठं कारण. स्विच घेताना एक गफलत वेळीच पकडली: विक्रेत्याने आठ पीओई पोर्टचा स्विच दिला होता, पण त्याची एकूण क्षमता १२० वॅट. ॲक्सेस पॉइंट पूर्ण भारात २१ वॅट घेतो, म्हणजे पाचच्या वर तो चालत नाही. पोर्ट मोजून भागत नाही, वॅट मोजावे लागतात. प्रत्येक स्विच धूळबंद कपाटात, मोटरींपासून वेगळ्या फीडरवर, छोट्या यूपीएससह. हेस्कॉमचा करंट जाऊन डीजी सेट उचलेपर्यंतचा वेळ यूपीएसने धरला पाहिजे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. फेटलिंगजवळच्या कपाटाला पंखा ठेवला नाही. लोखंडाची आणि वाळूची बारीक भुकटी पंख्याने आतच ओढली जाते.

बसवल्यावरची तपासणी आणि निकाल

शेवटची मोजणी जुलैत, भर पावसात. मशीन शॉपमध्ये एक भोक सापडलं. नकाशातल्या एका खांबावर क्रेनची वीजपट्टी जात होती, म्हणून बसवणाऱ्यांनी ॲक्सेस पॉइंट शेजारच्या खांबाच्या मागच्या बाजूला लावला आणि कुणाला सांगितलं नाही. खांबाच्या आडोशाला व्हीएमसीची एक रांग उणे ७५ च्याही खाली गेली. ब्रॅकेट लांब करून तो गल्लीच्या बाजूला आणला आणि रांग भरून निघाली. गोडाऊनमध्ये भिजलेल्या भिंतीने खरोखरच जादा सिग्नल खाल्ला. सवलतीत ते जिरलं, फक्त दक्षिणेचा एक कोपरा काठावर राहिला. तिथे माल ठेवत नाहीत, म्हणून तो तसाच सोडला.

हीट सुरू झाल्यावर स्कॅनर अडत नाहीत. फोर्कलिफ्ट मशीन शॉपमधून यार्ड ओलांडून गोडाऊनमध्ये जाते तेव्हा टॅब अॅपमधून बाहेर पडत नाही. वही लगेच बंद झाली नाही. कामगारांचा विश्वास बसेपर्यंत काही आठवडे दोन्ही चाललं, मग सुपरवायझरनेच ती काढून घेतली. वजनकाट्यापर्यंत वायफाय नेण्याची मागणी आली होती, तिथे फायबर आणि केबलच दिली.

वेगळं काय करता आलं असतं

हँडहेल्ड आधी खरेदी झाले आणि सर्व्हे नंतर. क्रम उलटा असता तर दोन-तीन मॉडेलांचं ऐकणं मोजून निवड करता आली असती. ७ डेसिबलऐवजी ३ चा फरक असलेला स्कॅनर मिळाला असता तर एखादा ॲक्सेस पॉइंट वाचला असता.

क्रेनचा मेंटेनन्सवाला पहिल्या फेरीपासून सोबत हवा होता. कोणत्या खांबावर वीजपट्टी जाते, हूक कुठपर्यंत येतो, शिडी कुठे लावता येत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. तो असता तर बसवताना जागा बदलावीच लागली नसती.

गोडाऊनची मोजणी रॅक साधारण भरलेले असताना झाली. दसऱ्याआधीच्या डिस्पॅचला ते छतापर्यंत भरतात आणि गल्ल्यांमध्येही पॅलेट उभे राहतात. त्या आठवड्यात फक्त गोडाऊनची एक फेरी पुन्हा मारायची, हे आता वार्षिक देखभालीत घातलं आहे.

कंत्राटात शेवटचा हप्ता सामान पोहोचल्यावर द्यायचा होता. तो बसवल्यानंतरच्या मोजणीला बांधायला हवा होता, आणि सर्व्हेची मूळ फाइल कारखान्याच्या ताब्यात द्यायची अट हवी होती. छापील रिपोर्टवरून नवीन जागा आखता येत नाही. फाइल नंतर मागून घ्यावी लागली. कोअर शॉपच्या शेजारी नवी शेड येते आहे, तिची आखणी तिच्यावरूनच चालू आहे.